मनमिळाऊ नसलेले हिंदुराव खराडे

"मनमिळाऊ म्हंजे काय वं? ते आदी मला सांगा."

पेपर माझ्या टेबलावर आपटून त्या बाई समोर उभ्या राहिल्या. साठीच्या आतबाहेरच्या, हडकुळ्या, कपाळ मोकळं, हात मोकळे. मी त्या वेळी संपादकसाहेबांची नजर चुकवून पाठकोऱ्या कागदावर माझी कथा लिहीत होते. कथेतली एकाकी स्त्री समुद्रकाठच्या बंगल्यात खिडकीशी बसली होती आणि तीन पानं झाली तरी उठायचं नाव घेत नव्हती. मी कागद ड्रॉवरमध्ये सारला.

"मनमिळाऊ म्हणजे सगळ्यांशी मिळूनमिसळून वागणारा. काय काम होतं, मावशी?"

"मग ह्ये कुणाबद्दल लिवलंय?" त्यांनी पेपरावर बोट ठेवलं.

"ही म्हैस हरवल्याची जाहिरात आहे."

"मग त्येच्या खाली बघा."

मी खाली बघितलं आणि वाचलं, "हिंदुराव बाळा खराडे, वय एकसष्ट, यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ते अत्यंत मनमिळाऊ व परोपकारी स्वभावाचे म्हणून सर्वांना परिचित होते. त्यांच्या पश्चात..."

"थांबा. हितंच. ते माझे मालक." बाईंनी पदर सावरला. "मनमिळाऊ न्हवते ते. अजिबात न्हवते. गावात कुणालाबी इचारा. ह्ये बदलून द्या."

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी वैजयंती पोतदार, वय बावीस, बी.ए. मराठी, फर्स्ट क्लास, 'दैनिक येरळाकाठ'ची उपसंपादक. उपसंपादक हे ऐकायला बरं. काम काय, तर निधन, वाढदिवस, हरवले आहेत आणि बाजारभाव. चार पानांचा पेपर, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायचा. निधनवार्ता तर लिहायलाही लागायची नाही. आमचे कंपॉझिटर मुबारकभाई यांनी ती खिळ्यांत एकदाच जुळवून, सुतळीनं बांधून एका पत्र्याच्या ताटात कायमची ठेवली होती. माणूस गेला की नाव, वय, मुलं, सुना, नातवंडं एवढं बदलायचं, बाकी मजकूर तसाच. त्यामुळे अकरा वर्षांत आमच्या तालुक्यात मनमिळाऊ आणि परोपकारी नसलेला एकही माणूस मेला नव्हता. दोन खुनांत आत जाऊन आलेला एक पैलवानसुद्धा आमच्याकडे मनमिळाऊ होऊनच गेला.

पण हे त्या बाईंना कसं सांगायचं? मी आपली समजुतीनं बोलायला लागले.

"अहो मावशी, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहितात. पद्धत असते तशी."

"चांगलं लिवा की. मी कुठं न्हाई म्हणते? पण त्येंचं लिवा. ह्ये त्येंचं न्हाई."

"बरं, कष्टाळू लिहू का?"

"कष्टाळू तर बैलबी असतोय."

"शिस्तप्रिय?"

"त्ये मास्तरला म्हणत्यात."

"प्रेमळ?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो शब्द गिळून टाकला. एवढ्यात आमचे संपादक हिर्लेकरसाहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. बाईंच्या कपाळाकडे बघून त्यांचा चेहरा पडला. खराडे शनिवारी गेले होते, तो मंगळवार होता. सुतकातली बाई चौथ्या दिवशी घराबाहेर पडून थेट पेपरच्या ऑफिसात!

"पोतदार, काय चाललंय?"

मी सांगितलं. साहेबांनी दुरूनच, जपून, बाईंना हात जोडले. "बाई, तुमचं दुःख आम्ही समजतो. पण निधनवार्तेत दुरुस्ती दोनच गोष्टींची होते. नावाची आणि रक्षाविसर्जनाच्या वेळेची. स्वभावाची होत नाही."

"का हुत न्हाई?"

"तसा नियम आहे."

असा काही नियम नव्हता. बाई म्हणाल्या, "पोरगा ह्येच कात्रण चौकटीत घालतोय. तेराव्याला फोटूखाली लावणार हाय. एकदा भितीवर गेलं की माझ्या मरणापातूर तिथंच ऱ्हाणार. माझी नातवंडं वाचत्याली की आजा मनमिळाऊ हुता. मी उद्या येते."

आणि खरंच आल्या. बुधवारी सकाळी दहाला मी कुलूप काढते तर बाई पायरीवर बसलेल्या. मला वाटलं, आता ही रोजच डोक्याला ताप देणार. आदल्या रात्री घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, सुतकातल्या बाईला चहासुद्धा विचारता येत नाही, काय करशील? मी काय करणार! मला वाढदिवसांचे सात फोटो लावायचे होते आणि त्यातला एक कुणाचा ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

"मावशी, तुमचे मिस्टर होते तरी कसे? तुम्हीच एक शब्द सांगा. मी साहेबांना विचारते."

"वाईट," बाई म्हणाल्या. "लई वाईट डोक्याचे."

"हे छापू?"

"छापा."

"लोक काय म्हणतील?"

"लोक हो म्हणतील."

मी कपाळावर हात मारला. बाई शांतपणे माझ्या टेबलावरचे कागद बघत होत्या.

"तुमी हितं काय करता? ह्येच लिवता रोज?"

आता मला खरंच झोंबलं. "हे पोटापाण्यासाठी. मी लेखिका होणार आहे."

"कशाला?"

नोकरीच्या मुलाखतीत हाच प्रश्न हिर्लेकरसाहेबांनी विचारला होता, आणि तेव्हा मी अंतर्मनाचा शोध, शब्दांची साधना वगैरे घडाघडा म्हणून दाखवलं होतं. साहेबांनी मान डोलावून मला बाजारभावाचं काम दिलं. त्या बाईंसमोर मात्र शब्दांची साधना तोंडातून बाहेर पडेना. मी आपली म्हणाले, "आवड आहे."

"हां," बाई म्हणाल्या. "माज्या जावयाला पत्त्याची हाय."

असा संताप आला म्हणून सांगू! मी फोटोंचा गठ्ठा उचलला आणि आत निघून गेले. दुपारी त्यांचा मुलगा विलास येऊन त्यांना घेऊन गेला. बिचारा घामाघूम झाला होता. माझ्याशी हळू आवाजात बोलला, "ताई, आईचं मनावर घेऊ नका. भावकीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही. जे छापलंय ते उत्तम आहे. तेच राहू दे." बाई त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेल्या.

गुरुवारी त्या आल्या तेव्हा मी ठरवलंच होतं, की आज हात जोडून कायमचं वाटेला लावायचं. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि साहेब केबिनमध्ये होते, म्हणून मी त्यांना मागच्या बाजूला, कागदाच्या रिळांपाशी नेऊन बसवलं. पाणी दिलं. सुतक असेल तर असेल.

"मावशी, आज मला शेवटचं काय ते सांगा. पेपरात तुमच्या मालकांना चांगलं म्हटलं, त्याचा तुम्हांला एवढा राग का? कुणी गेलेल्या नवऱ्याला चांगलं म्हटल्यावर बायको भांडायला येते का कधी?"

बाईंनी फुलपात्र खाली ठेवलं.

"त्ये काय काम करायचे, ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्या साच्यात कामाला जागाच नव्हती.

"नगरपालिकेत पाणी सोडायचे. सत्तावीस वर्सं. ही येवढी लोखंडाची चावी खांद्यावर घ्यायची आन् एकेका गल्लीचं पाणी सोडायचं, बंद करायचं. दिसाआड पाणी. दर गल्लीला चाळीस मिंटं. हातात घड्याळ. चाळीस झाली की बंद, मग तुमचा हंडा भरू दे न्हाईतर निम्मा ऱ्हाऊ दे. नगराध्यक्षाच्या गल्लीलाबी चाळीस आन् माळावरच्या वस्तीलाबी चाळीस."

आता मला आठवलं. चावीवाला! आमच्या गल्लीत तो खांद्यावर चावी टाकून आला की बायका हंडे टाकून शिव्याच द्यायच्या. माझ्या आईनं एकदा त्याला दारातून ओरडून 'तुझ्या घरी कुणी आंघोळ करत नाही का रे?' असं विचारलं होतं. त्यानं घड्याळातून मान वर केली नव्हती.

"कुणाच्या घरात चहा घेतला न्हाई कधी," बाई सांगत होत्या. "लग्नाला बोलवायचे लोक, त्ये जायाचे न्हाईत. पुढं पुढं बोलवायचंच सोडलं. मी म्हणायची, माणसानं गोड ऱ्हावं चार लोकांत. त्ये म्हणायचे, चहा पेलो की पाच मिंटं जास्त मागत्यात, आन् ती पाच मिंटं मी कुठनं आणू? कुणाची काढू? म्हणून कुणाशी गोड बोलायचंच न्हाई. ठरवून न्हाई बोलले. तसं त्येंच्या अंगात न्हवतं काई. माझ्याशी घरात लई हसायचे पयल्यापयल्यांदा."

त्या थांबल्या. पलीकडे मुबारकभाईंचं खिळे उचलणं चालू होतं, टिक टिक टिक.

"लेकीचं लगीन हुतं. दारात मांडव. दोनशे माणूस जेवायचं. टिपाड निम्मं भरलं आन् पाणी गेलं. मी पळत गेले कोपऱ्यावर. ह्ये लग्नाचा फेटा बांधलेला आन् हातात चावी! मी चावी धरली. म्हटलं, एक दिस. आपली लेक हाय. तर म्हणाले, माळावर बायका लायनीत उभ्या हायत, त्येंच्या घरात लेकी न्हाईत व्हय? आन् माझा हात सोडवून बंद केलं. मी भावकीकडनं घागरी मागून आणल्या. दोनशे माणसं माझ्या तोंडाकडं बघत हुती. त्येच्यानंतर मी अकरा म्हैने त्येंच्याशी बोलले न्हाई. ताट वाढायची, सरकवायची. अकरा म्हैने."

"मग राग गेला?"

"कशाला जाईल? अजून हाय." त्यांचा आवाज चढला. "माझा राग हाय, माझ्या लेकीचा हाय, साऱ्या गावाचा हाय. येवढ्या लोकांचा राग त्येंनी अंगावर घेतला, ते काय मनमिळाऊ म्हणून घ्यायला? आता तीन वर्सं झाली, नवा आलाय त्येंच्या जागी. त्यो हाय मनमिळाऊ. लई गोड. दारोदार चहा पितोय. वरच्या आळीला तास तास पाणी जातंय आन् माळावर नळ फुसफुसतोय नुसता. उद्या त्यो मेला म्हंजे त्येलाबी तुमी ह्येच लिवणार न्हवं?"

मी हेच लिहिणार होते. ताटात मजकूर तयार होता.

बाई उठल्या, पदर खोचला आणि माझा निरोप न घेता निघून गेल्या.

त्या दुपारी मी लिहायला बसले. साहेबांपासून लपवायचं कारण नव्हतं, ऑफिसचंच काम होतं. पहिला मसुदा इतका भिकार झाला की आजही आठवला तर अंगावर काटा येतो. 'जलदेवतेचा निष्ठावान उपासक काळाच्या पडद्याआड' असं मी लिहिलं होतं. 'कर्तव्यकठोर' होतं, 'अंतरीचा ओलावा' होता. वाचून बघितलं तर हाही कुणीतरी तिसराच माणूस! खराडे त्यात कुठेच नव्हते. फर्स्ट क्लास बी.ए.ला एका पाणी सोडणाऱ्या माणसाबद्दल आठ ओळी धड लिहिता येईनात. मी कागद फाडला. दुसरा फाडला. 'कर्तव्यकठोर' काढलं तेव्हा वाक्य थोडं मोकळं झालं. 'ओलावा' काढला तेव्हा चावी दिसायला लागली. संध्याकाळी पाचला आठ ओळी झाल्या, त्या साहेबांपुढे ठेवल्या.

साहेबांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला.

"ते मनमिळाऊ नव्हते. असं तुम्ही लिहिलंय."

"हो."

"गेलेल्या माणसाबद्दल."

"त्यांच्या पत्नीचीच मागणी आहे, साहेब."

"पत्नीची आहे, मुलाची नाही. उद्या मुलगा दारात आला म्हणजे? पोतदार, तुम्ही नवीन आहात. बारा वर्षांपूर्वी मी एका सद्गृहस्थांना 'काहीसे तापट' असं छापलं होतं. काहीसे! त्यांच्या चार मुलांनी येऊन ही काच फोडली. तापट नव्हते म्हणून सांगायला आले होते." त्यांनी माझा कागद परत सरकवला. "लोकांना खरं नको असतं, ठरलेलं हवं असतं. त्यात काही वाईट नाही. दुःखात ठरलेलं बरं पडतं. जा, बाजारभाव बघा."

त्यांचं सगळंच चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शुक्रवारी साहेब कामासाठी सांगलीला गेले. जाताना पान माझ्यावर सोपवून गेले, आणि मी चार वाजता तो कागद घेऊन मुबारकभाईंकडे गेले.

मुबारकभाईंनी कागद उजेडात धरला. ते वाचतानाही खिळे जुळवल्यासारखे ओठ हलवायचे. दोनदा वाचलं.

"साहेबांनी पास केलं?"

"नाही."

"ताई, हे वाक्य अकरा वर्षं उभं आहे." त्यांनी ताटाकडे हात केला. "मी हे कधी मोडलं नाही. दहा पुढारी गेले, आमचे अब्बा गेले, तरी मोडलं नाही."

"मग राहू दे, मुबारकभाई. तुमची नोकरी जाईल."

"ते बघू. मला एक सांगा, हा तोच ना, चावीवाला? आमच्या सायराच्या वेळेला बायको बाळंत होत होती. मी स्वतः गेलो होतो त्याच्याकडे. दोन घागरी मागितल्या, दोनच! म्हणाला, टाइम झाला." मुबारकभाईंनी कागद फळीला टाचला. "आणि मग संध्याकाळी स्वतःच्या घरातली एक घागर डोक्यावर घेऊन आला. दारात ठेवली आणि गेला. मी रागानं बोललोसुद्धा नाही त्याच्याशी. सात वर्षं झाली. हटा, उजेड सोडा."

त्यांनी सुतळी सोडली. अकरा वर्षांचं ते वाक्य त्यांच्या बोटांखाली ढासळलं आणि ते नवे खिळे उचलायला लागले.

"घागरीचं घालू का?" मी विचारलं.

"नको. ती माझी आहे."

शनिवारी पेपर निघाला. साहेब अकराला आले ते पेपर हातात घेऊनच. आवाज चढवला नाही, त्याचंच जास्त भय वाटलं. "कुणी जुळवलं?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, साहेबांनी पास केलंय असं मी मुबारकभाईंना खोटं सांगितलं. मुबारकभाई आतून काहीतरी बोलायला आले, मी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

"पोतदार, तुमचं अक्षर चांगलं आहे," साहेब म्हणाले. "दुसरीकडे काम मिळेल. सोमवारपासून येऊ नका."

घरी आईनं तीन दिवस तोंडाचा पट्टा चालू ठेवला. मुलीची नोकरी गेली, तीही कुणासाठी, तर त्या मेल्या चावीवाल्यासाठी! शेजारच्या पाटील मास्तरांनी बाबांना रस्त्यात अडवून विचारलं, की तुमच्या मुलीला गेलेल्या माणसाचीसुद्धा चेष्टा सुचते का? आणि मी लेखिका व्हायला निघालेली, माझं छापून आलेलं पहिलं खरं लेखन म्हणजे आठ ओळी, त्याही बिननावाच्या. त्या आठ ओळींनी मला घरी बसवलं. ज्यांच्यापायी हे सगळं झालं त्या बाईंनी साधा निरोपही धाडला नव्हता.

म्हणून तेराव्याला मी खराड्यांच्या घरी गेले ते भांडायलाच गेले.

जेवणं उरकत आली होती. बाहेरच्या सोप्यात फोटो मांडलेला, हार घातलेला. फोटोतसुद्धा हिंदुराव कुणावर तरी चिडलेले होते. फोटोखालची 'मनमिळाऊ'ची चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. विलासनं माझ्याकडे बघून मान फिरवली. बाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून एकट्याच बसल्या होत्या.

"मावशी, तुमच्यापायी माझी नोकरी गेली," मी उभ्याउभ्याच म्हटलं.

"व्हय?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग आज मोकळ्याच हायसा न्हवं? बसा. वाचून दावा."

"काय?"

त्यांनी कमरेची पिशवी सोडून पेपरचा तुकडा काढला, घडीवर घडी घातलेला. "पोरगा रागावलाय, वाचत न्हाई. शेजारची पोरगी वाचती, पण अडखळती लई. तुमी लिवलंय, तुमी वाचा."

मी बसले. तुकडा उलगडला आणि वाचायला लागले.

"नगरपालिकेत सत्तावीस वर्षे पाणी सोडणारे हिंदुराव बाळा खराडे, वय एकसष्ट, यांचे निधन झाले. ते मनमिळाऊ नव्हते. गावातील बहुतेक सर्वांशी त्यांचे भांडण होते. त्यांनी कोणाच्याही घरी चहा घेतला नाही. प्रत्येक गल्लीला चाळीस मिनिटे..."

बाईंनी हात वर केला. "चाळीस न्हवं. अडतीस."

"अहो, तुम्हीच मला चाळीस म्हणालात!"

"म्हणाले. सारं गाव चाळीस म्हणतंय. पण चावी फिरवायला दोन मिंटं जायाची, ती त्ये चाळिसातच धरायचे. म्हणून तर भांडणं व्हायची."

"मावशी, आता छापून झालंय. बाराशे पेपर गेले. वाचून लोकांनी त्यात भजी बांधली!"

"गेले तर गेले. ह्येच्यावर तर करा."

माझं डोकं फिरलं. नोकरी गेली, घरात तोंड उघडायची सोय नाही, आणि ही बाई मला दोन मिनिटांचा हिशेब सांगतेय! चांगलं सुनवायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि बघते तर माझा हात पर्समध्ये पेन शोधत होता. देवाशपथ सांगते, नोकरी गेल्याचं जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं मला त्या दोन मिनिटांचं वाटत होतं. एका माणसानं सत्तावीस वर्षं घड्याळाकडे बघत दोन दोन मिनिटं धरली आणि मी ती आळशासारखी सोडून दिली होती. त्यांच्याबद्दल गावात कुणी दुसरं काही लिहिणार नव्हतं. मी लिहिलं तेवढंच राहणार होतं, आणि ते चुकलं होतं. मला लिहायचं होतं ते यासाठी, हे मला तिथे, त्या जमिनीवर बसून कळलं. चिडचिड कमी झाली नाही. उलट मला स्वतःचाच राग आला.

चाळीस खोडून मी अडतीस केलं. नीट, छापल्यासारखं.

"आता पयल्यापास्नं," बाई म्हणाल्या.

मी पहिल्यापासून वाचलं. "प्रत्येक गल्लीला अडतीस मिनिटे पाणी दिले, कोणालाही एक मिनिट जास्त दिले नाही. मुलीच्या लग्नाच्या दिवशी त्यांनी स्वतःच्या घराचे पाणीही वेळेवर बंद केले. त्यानंतर त्यांच्या पत्नी अक्काताई त्यांच्याशी अकरा महिने बोलल्या नाहीत. टोकाच्या वस्तीला त्यांच्या काळात पाणी मिळत होते."

पुढे 'त्यांच्या पश्चात' होतं, तिथपर्यंत मी पोचलेच नाही. बाईंनी पदर तोंडात कोंबला होता. आधी नुसते खांदे हलले. मग असा हंबरडा फुटला की सोप्यातलं बोलणं बंद पडलं. "अकरा म्हैने," त्या म्हणत होत्या, "अकरा म्हैने, हो..." आणि जमिनीवर हात आपटत होत्या.

त्यांची लेक स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली. "काय वाचलंसा तुमी? बाबा गेल्यापास्नं आईच्या डोळ्याला पाणी न्हवतं आलं."

लेक आईला धरून बसली, मग तीही रडायला लागली. दारात विलास येऊन उभा राहिला होता. तो आत आला नाही, पण गेलाही नाही.

बऱ्याच वेळानं बाईंनी तोंड पुसलं. माझ्या हातातला कागद चुरगळला होता, तो त्यांनी घेतला, मांडीवर ठेवून तळहातानं सरळ केला आणि परत माझ्याकडे दिला.

"पुन्यांदा वाच," त्या म्हणाल्या.

मी हिंदुराव बाळा खराडे या नावापासून सुरुवात केली.